टोल्याची नऊ नावं

सकाळी दहाला ग्रामसभेच्या फळ्यावर वनहक्क दाव्यांची यादी लागली. साडेदहाला सुकरीबाई संगणकाच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"मास्तर, घरं बत्तीस. कागदावर तेवीस. आमच्या टोल्याची नऊच्या नऊ कुठी गेली?"

मास्तर राजदीपने फळ्यावरची यादी उपटून आणली. बाई खरं बोलत होती; टोल्याचं, म्हणजे गावाबाहेरच्या तिच्या वस्तीचं, एकही नाव नव्हतं. धानोऱ्याकडच्या या गावात संगणकातलं कळणारा तो एकटाच. संध्याकाळी पाचला यादी तालुक्याला द्यायची होती. नाव नाही तर मोजणी नाही. मोजणी नाही तर तीन पिढ्या कसलेली जमीन सरकारदरबारी 'अतिक्रमण'.

राजदीपने फार विचार केला नाही. नावं टाइप करणाऱ्या दिनेशला समोर उभं केलं. तोवर दारात पंधरा माणसं जमली होती.

"नावं कोणी टाकली?"

"म्या."

"किती?"

"बत्तीस. रविवारी तुमच्याच समोर छापून मोजली ना भाऊ!"

"मग नऊ खाल्ली कोणी? तुझ्या बापाचं टोल्याशी मोहाच्या झाडांवरून भांडण आहे की नाही?"

दिनेशचं तोंड उतरलं. "बापाचं भांडण झाडासाठी होतं, भाऊ. कोणाच्या नावाशी नाई."

"काढून टाका याले!" वनहक्क समितीचे अध्यक्ष वामनराव खेकसले.

पुरावा दाखवायचा म्हणून राजदीपने स्क्रिप्ट उघडली. यादी बनवायचे हुकूम त्याने एडिटरच्याच, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्याच, भाषेत लिहिले होते. आणि तो चमकला. आत बत्तीसही नावं होती! एकही पुसलेलं नव्हतं. पुन्हा चालवली, बाहेर तेवीसच. एडिटरने चूक म्हणून एक अक्षर दाखवलं नाही.

फाइल शेवटची बदलली होती सोमवारी दुपारी, बारा चाळीसला.

"सोमवारी कुठे होतास?"

"गोंडपिपरीले. आत्याची तेरवी होती."

"गेला होता," वामनराव पुटपुटले. "गाडी माहीच नेली त्यानं."

"मंग या खोलीची चावी कोनापाशी होती?" सुकरीबाईने विचारलं.

चावी राजदीपच्याच खिशात होती. त्याने स्क्रिप्ट पुन्हा वरून वाचली. तेविसाव्या आणि चोविसाव्या नावाच्या मधे एक ओळ होती. ती त्याने ओळखली.

"दिनेशनं काही केलं नाही," तो म्हणाला. "ऐका. हुकूम लांबला की पुढची ओळ उलट्या तिरप्या रेघेनं सुरू करायची. मग ती वरच्या ओळीला चिकटते. अशी सगळी नावं एकाखाली एक जोडलेली होती. सोमवारी कुणीतरी मधेच एक मथळा घातला. साधी टीप म्हणून. टीप एडिटर वाचत नाही. वरचा हुकूम तेविसाव्या नावावर पुरा झाला, म्हणून त्यानं तक्रारही केली नाही. आणि खालची नऊ नावं वरच्या नावांना जोडायची सोडून त्या टिपेलाच चिकटली. टीप वाचायची नाही, तर नावंही वाचायची नाहीत."

"मथळा काय होता?" दिनेशने विचारलं.

राजदीपला वाचावं लागलं. "'इथून खाली टोल्याचे.'"

"कोनं लिवला?" सुकरीबाईने विचारलं.

"मी. वामनराव म्हणाले, गावाचे वर, टोल्याचे वेगळे, रिवाज आहे. मी हो म्हटलं. त्यानंतर छापलेली नावं मोजलीच नाहीत."

कुणी विचारलं नसतं, तरी या मथळ्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. त्याच्या आजोबाची वस्ती गावच्या जुन्या रजिस्टरात अशीच शेवटी, वेगळ्या मथळ्याखाली असायची. दर चौदा एप्रिलला मंचावरून त्याच मथळ्याला तो शिव्या घालायचा. आणि स्वतःच्या हाताने तोच लिहून, आळ एका निर्दोष पोरावर घातला होता. जमीन दुभंगावी असं वाटणं सोपं असतं. ती दुभंगत नाही. पंधरा माणसं बघत राहतात.

"मशीनची चूक लिवून टाका ना," वामनराव हळूच म्हणाले. "कोनाले समजते?"

"मशीनला सांगितलं तेच तिनं केलं. चूक माझी. फळ्यावर तसंच लिहीन."

त्याने मथळा काढला. मग बत्तीसही नावं अक्षरक्रमाने लावली, गाव आणि टोला एकात. वामनरावांनी तोंड फिरवलं.

"दिनेश, माफ कर."

"पंधरा जनाईसमोर चोर म्हनलं, भाऊ. माफी एका कानात काऊन देता?"

राजदीप दाराकडे वळला आणि मोठ्याने माफी मागितली. कुणी 'असू दे' म्हटलं नाही.

सुकरीबाईने नव्या कागदावर बोट ठेवलं. "लाज मंग कर, मास्तर. आधी माहं नाव कोनतं ते दाखव."

त्याने दाखवलं. मग फळ्यावर लिहायला खडू उचलला.