दार उघडलं नाही

उपनगरातल्या त्या वाचनालयाची एक चांगली सोय होती. ज्यांना जिने उतरवत नाहीत, त्यांना पुस्तकं घरपोच. दर गुरुवारी दुपारी लायब्ररीवाली खांद्याला पिशवी अडकवून निघायची. एखाद्या घरी दार वाजवून कुणी आलंच नाही, तर वहीत त्या नावापुढे लिहायची, ‘दार उघडलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा.’

शेवटचं घर शाळेतल्या बाईंचं. चौथा मजला, लिफ्ट नाही. बाई निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, मागेपुढे कुणी नाही. हवी ती पुस्तकं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या, अक्षर डावीकडे कललेलं.

“पुस्तकं काय, वाचीन सावकाश,” म्हणायच्या. “तुम्ही बसा हो दोन मिनिटं.”

ती बसायची नाही. तिच्याही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी बसायची नाही. माणसाचं काय असतं बघा.

एका गुरुवारी तिला ते चार जिने चढायचा कंटाळा आला. वाचनालयातच पंख्याखाली बसून तिने बाईंच्या नावापुढे नेहमीचं वाक्य लिहून टाकलं.

शनिवारी बाईंची शेजारीण पुस्तकं परत द्यायला आली.

“गेल्या हो बाई. दाराशी खुर्ची ओढून बसलेल्या, मांडीवर तुमची पुस्तकं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी संध्याकाळपर्यंत जीव असणार. कुणी आलं असतं तर...”

“मी गेले होते,” लायब्ररीवाली घाईने म्हणाली. “दार उघडलं नाही.” वहीही पुढे केली.

शेजारणीने ती ओळ वाचली. “दार नुसतं लोटलेलं होतं,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

त्या ओळीने तिची झोप उडाली. खोडावी तर खोडता येईना, कुणाला सांगावं तर सांगायला कुणी नाही. पुढच्या गुरुवारी तिने वही खणात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि डोकं दुखतंय म्हणून दुपारीच घरी आली.

चारच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. मजल्यामजल्यावर थांबत, दम खात. तिच्या दाराशी येऊन थांबली. बंद घरात जुन्या कागदाचा आणि दुखण्यावरच्या बामाचा वास पसरला. मग बेल वाजली.

किती वर्षांत तिच्याकडे कुणी बेल वाजवली नव्हती. संध्याकाळी एकटीने जेवताना तिला कितीदा वाटलं होतं, कुणीतरी यावं, कुणीही. आता तिचा हात कडीवर गेला आणि तिथेच गोठला.

“कोण...?”

बाहेर फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी जपून खाली बसलं.

अंधार पडेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी होती. घशाशी आलेलं ‘चुकलं माझं’ तिला म्हणता आलं नाही. कडीही काढता आली नाही.

सकाळी जिना मोकळा होता. ती वाचनालयात गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. खण उघडून तिने वही काढली. बाईंच्या ओळीखाली कालची तारीख होती आणि तिचं स्वतःचं नाव. अक्षर पेन्सिलीचं, डावीकडे कललेलं.

‘दार उघडलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा.’