दगड लावलास?

आधी त्या पिकपखालून बाहेर या दोघं. शाफ्ट सकाळी बसवू, उजेडात. बसा इथं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शेजारच्या गॅरेजातला मिस्त्री माहितीय ना? त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यानं स्वतः सांगितलीय, इथंच, या टायरवर बसून.

तीन वर्षं झाली. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. आईचे डोळे डॉक्टरला दाखवून तो शहरातून परत निघाला होता. गाडी त्याचीच, जुनी पिकप. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस महिनाभर खडखडत होता. बदली शाफ्ट मागच्या हौद्यात पडून होता, पण मिस्त्रीची स्वतःची गाडी कधी धड असते का? आज नको, उद्या. रात्री पावणेनऊला, चढावर, खाडकन आवाज झाला आणि शाफ्ट तुटला.

आता हे नीट ऐका. शाफ्ट तुटला किंवा काढला की गाडी गिअरमध्ये असून उपयोग नाही. गिअर चाकाला धरतच नाही. त्याचा हँडब्रेक तर नावालाच. म्हणून त्यानं रस्त्याकडेचे दोन धोंडे आणून मागच्या चाकांना लावले, पाय मारून बघितले. आई म्हणाली, मी बसते केबिनमध्ये, तू उरक. काच खाली होती. हा टॉर्च दातात धरून खाली शिरला.

त्याच्या नऊ वर्षं आधी याच गाडीखाली त्याचा धाकटा भाऊ गेला होता. बारक्या म्हणायचो आम्ही. तेव्हाही शाफ्टचंच काम. गॅरेजचं अंगण उतरतं आहे, तुम्ही बघितलंय. दोघांची रीत होती. खाली जाणारा विचारणार, "दगड लावलास?" वरच्यानं लावायचा आणि सांगायचं, "लावलाय." पांढरा पट्टा मारलेला एक दगड त्यासाठीच ठेवलेला.

त्या दिवशी दगड कोपऱ्यातच राहिला. लोक जमले तेव्हा मिस्त्रीनं सांगितलं, बारक्या घाईत होता, दगड न लावताच शिरला. मेलेल्याच्या माथी खापर फोडलं. दगड त्यानं रात्रीच विहिरीत टाकला. आई नऊ वर्षं सगळ्यांना सांगत राहिली, माझा बारका उतावळा, जिवाला मुकला. हा शेजारी बसून ऐकायचा.

तर, हा खाली. तीन बोल्ट निघाले. चौथा जाम. वारा नाही. रस्त्यावर गाडी नाही. पाना लावला, जोर काढला...

आणि कानाजवळून कोणीतरी विचारलं,

"दादा, दगड लावलास?"

हात कामात. डोकं बोल्टमध्ये. सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"लावलाय."

मग कळलं.

टॉर्च पडला. विझला. शेजारी... श्वास चालू होता. त्याचा नव्हे. त्यानं मान वळवली नाही. मला म्हणाला, वळवताच आली नाही.

वर केबिनमध्ये सीट करकरली.

"म्हणजे," आई हळूच म्हणाली, "त्यानं विचारलं होतं तुला."

खाली पाना बोल्टवरून सुटला.

"आणि तू... हेच सांगितलंस?"

अरे, तेव्हा तरी बोलायचं! रडायचं, पाय धरायचे. नाही जमलं त्याला.

मग शेजारचा श्वास थांबला. अंधारातच चाचपडत त्यानं शाफ्ट बसवला. बाहेर आला तेव्हा आई उतरून मागच्या चाकापाशी उभी होती, पदरात काहीतरी गुंडाळून.

घरी गेले. त्यानंतर ती चौदा महिने जगली. त्याच घरात, त्याच्याच हातचं जेवली. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानं पुढं सगळं कबूल केलं, गावासमोर केलं. भिंतीला सांगितल्यासारखं. जाताना तिनं पाणीसुद्धा शेजारणीकडे मागितलं. मिस्त्री आता गॅरेज बंद करून फक्त पंक्चर काढतो, माझ्याकडे. गाडीखाली जात नाही.

तिला उचलायला मीही होतो. उशाशी पदरात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्या रात्री चाकाला लावलेलं मिळालं, एवढंच तिनं शेजारणीला सांगितलेलं. मी सोडून बघितलं.

दगड होता. त्याच्यावर पांढरा पट्टा. आणि बाजूनं विहिरीतलं शेवाळं... अजून ओलं.