उशीर न करणारा हात

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारकाकांनी काउंटरवर सर्किट बोर्ड ठेवला आणि दोन हात एकाच वेळी पुढे आले.

बोर्ड जेमतेम आगपेटीएवढा. कडेला जरा पिवळा पडलेला, कारखान्याने दोन वर्षांपूर्वीच बनवायचा बंद केलेला. तिचं बोट एका कोपऱ्यावर, त्याचं दुसऱ्या.

"शेवटचाच आहे," काका म्हणाले आणि मजा बघायला स्टुलावर ऐसपैस बसले.

"मी आधी आले होते," ती म्हणाली.

"मी सकाळी फोन करून सांगितलं होतं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण हात तुम्हीच आधी लावलात, हे खरं."

भांडणाच्या मध्येच कोणी असं खरं बोलून गेलं की पुढे भांडायचं तरी कसं? तिने वर पाहिलं. शर्टाच्या बाहीवर प्लॅस्टरचे पांढरे शिंतोडे, कानामागे पेन्सिल आणि डोळ्यांत दुपारच्या उन्हासारखी एक संथ, उबदार शांतता...

"तुम्हाला कशाला हवाय?" तिने विचारलं.

"हातासाठी."

"हातात घ्यायला?"

"नाही हो. हातात बसवायला. मी हात बनवतो."

तिला हसू आलं आणि ते आवरायच्या आत त्याने पाहिलंही.

त्याच्या ताईचा डावा हात तीन वर्षांपूर्वी यंत्रात गेला होता. ताई कपडे शिवायची. उजव्या हाताने कातर चालते, पण कापड धरायचं कोणी? त्याने दोन हात बनवून दिले. दंडाचा स्नायू आवळला की बोटं मिटायची, पण अर्ध्या सेकंदाने. ताई म्हणायची, "मी म्हणते धर, तो म्हणतो थांब." दोन्ही हात आता कपाटाच्या तळाशी पडले होते. तिसऱ्याच्या तळव्यात मावेल असा हा एवढाच बोर्ड उरला होता.

"उशीर होतो?" ती एकदम सरसावली. "मग तुम्हाला बोर्ड नकोय. तुम्हाला मी हवीय."

काका खोकले. तिचे कान लाल झाले.

"म्हणजे... माझी सिस्टिम."

ऑफिसात तिला सगळे 'टिकटिक' म्हणायचे. तिने एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. चिपला अनेक कामं असतात; कुठलं काम कधी करायचं हे ती ठरवायची आणि प्रत्येक काम वेळच्या वेळी होईलच, याची हमी द्यायची. पाच जातींच्या बोर्डांवर तिने ती चालवून दाखवली होती. हा सहावा. दर वेळी नव्या घरी बिऱ्हाड हलवल्यासारखं व्हायचं. भांडीकुंडी तीच, पण नळ कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे अंधारात चाचपडत शोधायचं.

"तुमच्या ताईंचा हात उशीर करणार नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. तोच तर माझा धंदा."

बोर्ड दोघांचा झाला. ती रोज चार वाजता ऑफिसचं काम म्हणून त्याच्या कार्यशाळेत जाऊ लागली.

ती खोली तिला पहिल्याच दिवशी आवडली. फळ्यांवर ओळीने पावलं, टाचा, एक लहानसा गुडघा. मोठ्या खिडकीतून तिरकं ऊन यायचं आणि प्लॅस्टरची धूळ त्यात सोन्यासारखी तरंगत राहायची. ती लॅपटॉप उघडायची, तो समोर बसून रबराच्या बोटांना नखं कोरायचा. बोलणं थोडंच, पण ते संपल्यावरची शांतता सुद्धा बोलल्यासारखी वाटायची.

तिसऱ्या दिवशी बोर्डावरचा इवलासा दिवा लुकलुकला.

"एवढ्यासाठी तीन दिवस?" तो म्हणाला.

"दिवा लागला म्हणजे तो जिवंत आहे. आणि बरोबर एका सेकंदाने लुकलुकतोय म्हणजे वेळ पाळतोय."

"माणसांचं कसं कळतं हो?"

"काय?"

"काही नाही... चहा घेणार?"

आठव्या दिवशी दोन कामं आळीपाळीने चालू लागली. बाराव्या दिवशी तिन्ही: एक स्नायूचं ऐकणार, एक बोटं हलवणार, एक पकडीचा दाब मोजणार. त्याने दंडाला पट्टा बांधला, स्नायू आवळला आणि टेबलावरची बोटं त्याच क्षणी मिटली. ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत उठली.

पण त्यानंतर दोनदा हात आपोआप अडकला. खोलून पुन्हा जोडला की नीट. कारण काही सापडेना. अशी हमी कोणाला देणार? तिची भूक गेली. आई म्हणाली, "काय गं, कोणावर रुसलीयस?" ती म्हणाली, "एका हातावर." आईने पुढे काही विचारलं नाही, नुसतीच गालात हसली.

आणि मग सोळाव्या दिवशी ती पकड तपासत होती. तिने आपला उजवा हात त्या रबरी बोटांत दिला. बोटं मिटली, आणि मिटूनच राहिली.

"सोडा," ती म्हणाली.

"सोडलंय मी कधीच!" त्याने दंड सैल करून दाखवला. हात ढिम्म. त्याने पट्टा फेकला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "वीज बंद केली तरी सुटणार नाही, आतली चाकं तशीच आहेत. मागचे चार स्क्रू काढावे लागतील. हलू नकोस."

हलू नकोस... आजवर तो तिला 'अहो' म्हणत होता. मनगटापेक्षा दुसरीकडेच कुठेतरी काहीतरी घट्ट आवळलं गेलं.

"थांब!" ती ओरडली. "स्क्रू काढलेस की तारा सुटतील आणि आत काय बिघडलंय ते सगळं पुसलं जाईल. इतक्या दिवसांनी चोर रंगेहाथ सापडलाय."

"चोराने तुला पकडलंय. दुखतंय का?"

"थोडं."

"खोटं बोलू नकोस."

"बरंच. माझा लॅपटॉप इकडे सरकव. आणि बस इथे, मला एका हाताने टाइप जमणार नाही."

तो तिच्याशेजारी बसला. ती सांगायची, तो कळ दाबायचा. पडद्यावरचे आकडे तो मोठ्याने वाचायचा, ती डोळे मिटून ऐकायची. त्याचा आवाज अगदी कानाशी. सोल्डरच्या धुराचा वास, उन्हाचा वास... पाऊण तास असा गेला. बोटं बधिर झाली, तरी तिला वाटलं, आकडे संपूच नयेत.

"पुन्हा वाच. शेवटची ओळ."

त्याने वाचली. तिने डोळे उघडले.

"माझी चूक आहे," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक कामाला मी चिपच्या मेमरीत थोडी थोडी जागा दिली होती. आधीच्या पाच बोर्डांवर पुरली. ही चिप काम बदलताना जास्त सामान बाजूला काढून ठेवते. बोटांच्या कामाला जागा कमी पडली, ते शेजारच्या जागेत सांडलं आणि दाब मोजणारं काम बंद पडलं." तिने अडकलेल्या हाताकडे पाहिलं. "मी नक्की म्हणाले होते. ताईंच्या हातात एखादं बाळ असतं तर?"

"म्हणून तर तू स्क्रू काढू दिले नाहीस," तो म्हणाला. "आता सांग, सुटायचं कसं?"

तिने सांगितलेली ओळ त्याने टाइप केली. बोटं उघडली. तिच्या हातावर चार लाल वळ उठले होते. त्याने तो हात आपल्या दोन्ही तळहातांत घेतला आणि चोळत राहिला... रक्त फिरायला लागलं, तरीही. मग दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. तिने हात काढून घेतला. हळू.

तिने बोटांच्या कामाची जागा वाढवली आणि पाच दिवस त्यांनी हाताची परीक्षा घेतली. तो एकदाही अडकला नाही.

ताई आली ती कापडाचं गाठोडं घेऊनच. तिने हात बसवून घेतला, निळ्या तलम कापडाची कड त्या बोटांत दिली आणि कातर चालवली. धर. सोड. धर. सोड. अख्खी बाही कापून झाल्यावर तिने मान वर केली. डोळे भरले होते.

"आज हा मला थांब म्हणाला नाही," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसत, "हात तर सुधारलास गं. आता माझ्या भावाचं काय करतेस? त्याचंही सगळं मनातल्या मनात."

"ताई!" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

काम संपलं. ऑफिसात सहाव्या बोर्डापुढे खूण झाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं. चार वाजले की मात्र तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळायचे आणि कठड्यापाशीच थांबायचे. तिकडे जायला आता निमित्त कोणतं? तिने तीनदा निरोप लिहिला आणि तीनदा पुसला.

काम संपल्याच्या अकराव्या दिवशी तो तिच्या ऑफिसच्या दारात उभा होता. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. त्याने तिच्या टेबलावर एक मळकट बोर्ड ठेवला.

"यावर तुझी सिस्टिम चालेल?"

तिने तो उलटासुलटा पाहिला. "हा धुलाईयंत्राचा आहे."

"हो."

"यात जागाच नाहीये. एक काम मावलं तरी डोक्यावरून पाणी."

"किती दिवस लागतील?"

"अरे, चालणारच नाही!"

"म्हणजे बरेच दिवस लागतील," तो गंभीरपणे म्हणाला.

शेजारच्या टेबलांवरची टाइप करण्याची टकटक थांबली. त्याने बोर्डावर हात ठेवला.

"खरं सांगू? घरचं धुलाईयंत्र चांगलं चालू होतं. मीच खोलून हा काढला. तुझ्याकडे यायला काहीतरी हातात हवं होतं... रिकाम्या हाताने धीर होत नव्हता. माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्या दुकानापासून नसेल कदाचित, पण तू पाऊण तास वेदना सोसत आकडे ऐकत होतीस ना, तेव्हापासून नक्की."

तिने लॅपटॉप मिटला, पिशवी खांद्याला अडकवली आणि ती उभी राहिली. त्याचा चेहरा उतरला.

"कुठे निघालीस?"

"ताईंना सांगायला."

"काय?"

"की माझंही आहे." तिने त्याचा हात धरला, भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. "तू येतोस की मी एकटीच जाऊ?"