चढावरची टिकटिक

खोटं सांगून माझं काही भलं होणार नाही. उलट घरचे ओरडतील, घरातली गोष्ट बाहेर कायले काढली म्हणून.

तरी सांगतो. पोटात ठेवून ठेवून मला झोप येत नाही.

तारीख १२ जानेवारी २०२५. रविवार. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा नीट ऐकावं.

जागा गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. तिथल्याच प्रतापगडाच्या मागे डोंगरातून एक जुनी घाटी चढते. घाटीचं नाव मुद्दाम सांगत नाही. उगाच कोणी बघायला जाईल. नवा रस्ता झाल्यापासून तिथं मोटारगाड्या बंद आहेत. तोंडाशी लोखंडी दांडा आडवा टाकलाय. सायकल तेवढी त्याखालून निघते.

हे घडलं दुर्गेशसोबत. दुर्गेश माझा मावसभाऊ, गोंदियाला कुडव्यात राहतो. सायकलचं वेड असं, की गडी स्वतःच्या लग्नासाठी पोरगी पाहायला सायकलवर गेला होता. पोरगी मिळाली हे नशीब! ट्रक नाही, हॉर्न नाही, माणूस नाही, असे डोंगरातले रिकामे रस्ते तो शोधत फिरतो.

त्या दिवशी त्यानं सोबत नेलं हिमांशूला. म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या, खुशीच्या नवऱ्याला. हिमांशूनं दिवाळीत नवी सायकल घेतली होती आणि तिच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील भारी वाजायचं. आख्खी गल्ली त्याला चिडवायची, जवाई यायच्या आधी जवाईची टिकटिक येते म्हणून.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. पायडल मारणं थांबवलं आणि सायकल नुसती घरंगळत राहिली, की फ्रीव्हील वाजतं... टिक टिक टिक. पायडल मारत असलं की ते गप्प.

म्हणजे उतारावर टिकटिक. चढावर गप्प.

पहाटे स्टेशनला निघताना खुशी फाटकापर्यंत आली.

"दादा, यायले डोंगराची सवय नाही. जसे नेऊन राहिला, तसेच आणून देजो."

"अवो, जवाई आहे माझा," दुर्गेश हसला. "फुलावानी आणतो. चिंता नोको करू."

सायकली रेल्वेगाडीच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकून दोघं अर्जुनीला उतरले. तिथून धानाच्या बांध्या, तलावाची पाळ, मग डोंगर. दहा वाजता दांड्यापाशी पोचले. तिथं सुभद्राबाई नावाची एक म्हातारी बकऱ्या चारत बसली होती. दोघांनी तिच्याजवळ बसून भुईमुगाची फल्ली खाल्ली.

"वर जाता त माथ्यावर गोट्याईचा ढीग लागंल," ती म्हणाली. "जानारा एक गोटा ठेवते. तुमीबी ठेवा. पन आपला गोटा आपल्या हातानं."

"काऊन माय, देव आहे का तिथं?" हिमांशूनं विचारलं.

"देव कायचा, बाप्पा. वाघानं मानूस नेला होता तिथून. गंज वर्सं झाली."

हिमांशूनं दुर्गेशला डोळा मारला. दोघं चढाला लागले.

चार किलोमीटरचा चढ. दुर्गेश पुढे, हिमांशू मागे. पुढच्यानं मागं वळून पाहायचं नाही हा दुर्गेशचा नियम, कारण वळला की सायकल खड्ड्यात जाते. तो नुसतं कानानं मागच्याचा अंदाज घेतो.

सागाची वाळली पानं रस्त्यावर पडली होती. चाकाखाली चरचर वाजत होती. झाडात सातभाई पाखरं कलकलत होती. पहिल्या वळणाला नाल्यावरची एक मोरी, छोटा पूल, लागली. ती ओलांडताना दुर्गेश ओरडला, "जवाई, येऊन राहिले ना?"

"हो, दादा..."

पुढे चढ खडा झाला. दुर्गेशला धाप लागली. बोलणं बंद झालं.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, सातभाई गप्प झाले होते.

मग पानांची चरचरही गेली. पानं तर चाकाखाली येतच होती.

आणि मागून आवाज आला...

टिक टिक टिक टिक.

दुर्गेशला उलट बरं वाटलं. जवाई मागंच आहे, जीव भांड्यात पडला. वीस वर्षांचा सायकलवाला हा, पण त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी त्याला यावरून खूप बोललो. आता बोलत नाही.

एक वळण. दुसरं वळण. तिसरं.

टिक टिक टिक... एका लयीत. ना जवळ, ना दूर.

माथा आला. रस्त्याच्या कडेला कमरेएवढा गोट्यांचा ढीग. दुर्गेश उतरला. एक गोटा उचलून ढिगावर ठेवला, हात जोडले.

"जवाई, या. तुमचा गोटा ठेवा."

वळणाच्या आडून आवाज आला. हिमांशूचाच.

"माझाबी ठेवा ना, दादा..."

थकला असेल बिचारा, असं दुर्गेशला वाटलं. त्यानं दुसरा गोटा उचलला. तोंडानं म्हटलंही, "हा हिमांशूचा." आणि ठेवला.

टिकटिक थांबली.

एकदम.

तेव्हा कुठं त्याला म्हातारीचं बोलणं आठवलं. आपला गोटा आपल्या हातानं. आणि त्याच झटक्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली.

हा तर चढ होता.

चढावर पायडल थांबवलं तर सायकल थांबते. माणूस पडतो. मग तीन किलोमीटर चढावर फ्रीव्हील वाजलं कसं?

तो वळून धावत त्या वळणापर्यंत आला. खाली दोन वळणांपर्यंत रस्ता स्वच्छ दिसत होता.

रिकामा.

"हिमांशू!" जवाईला नावानं हाक मारायची नसते, पण त्या वेळी कसला मान अन् कसलं काय!

दुर्गेश सायकलवर बसला आणि सुटला खाली. त्याचं स्वतःचं फ्रीव्हील वाजत होतं. दुसरा कसलाच आवाज नव्हता. डोळ्यासमोर एकच चित्र, फाटकात उभी खुशी. बहिणीला तोंड काय दाखवू? देवा, एवढी एक वेळ वाचव. तो रडत होता, हे त्यानंच मला सांगितलं.

पहिल्या वळणाची ती मोरी. कठड्याला हिमांशूची सायकल आडवी पडली होती. मागचं चाक फिरत होतं... अजून फिरत होतं. पाऊण तास होऊन गेला होता.

आणि फ्रीव्हील वाजत नव्हतं.

खाली कोरड्या नाल्यात, पानांवर हिमांशू उताणा पडला होता. डोळे मिटलेले. अंगावर खरचटलेलंसुद्धा नाही. दुर्गेशनं हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मनगट धरलं.

नाडी लागेना.

माझेच हात थरथरत होते म्हणून लागली नसेल, असं तो म्हणतो. दर वेळी असंच म्हणतो.

मग हिमांशूनं डोळे उघडले. दुर्गेशनं त्याला छातीशी धरलं, "कसं वाटून राहिलं? कुठं लागलं?"

हिमांशूनं मान त्याच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला...

"माझा गोटा ठेवला ना?"

तीन किलोमीटर वरची गोष्ट. याला कोणी सांगितली?

दोघं दांड्यापर्यंत चालत आले. हिमांशू पुढे, ताठ. दुर्गेशनं सुभद्राबाईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"मी का सांगतलं होतं, बाबू? दुसऱ्याच्या नावाचा गोटा कोनाचा ठेवतेत? जो राह्यला नाही त्याचा."

"मी काढून टाकतो, माय. आत्ता जातो."

"कोनता काढशीन?"

बकऱ्या हाकलत ती निघून गेली. मागं पाहिलं नाही.

गोंदियात डॉक्टरनं तपासलं. सगळं ठीक, चक्कर आली असेल म्हणाला. सोमवारी हिमांशूची सायकल वीरेंद्र मिस्त्रीकडे नेली. त्यानं हब खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. चाक फिरवून कान लावला.

"सब बराबर है, भाऊ. पर आवाज क्यों नहीं कर रहा, समझ में नहीं आ रहा."

मंगळवारी संक्रांत. दिवेलागणीला आम्ही खुशीकडे तिळगूळ घ्यायला गेलो. दुर्गेश होता, मी होतो. हिमांशू समोर खुर्चीवर बसून लाडू खात होता. त्याची सायकल आत, भिंतीला टेकवलेली.

खुशीच्या घरापुढे फाटकापासून ओट्यापर्यंत सिमेंटचा छोटा चढ आहे.

त्या चढावर आवाज आला.

टिक... टिक... टिक... टिक.

हळूहळू वर येणारा. दारापाशी येऊन थांबला.

खुशीच्या हातातली ताटली तशीच राहिली. "अवो, यायची सायकल..." एवढंच बोलली. भिंतीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. आणि दाराकडे निघाली.

"दार नोको उघडू," हिमांशू म्हणाला.

शांतपणे. लाडू खाता खाता.

दुर्गेशनं बहिणीचा हात धरला. कोणीच दार उघडलं नाही. बाहेर कोणीतरी उभं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बऱ्याच वेळानं ती टिकटिक चढावरून उतरली आणि गल्लीत विरून गेली.

पुढल्या रविवारी मी दुर्गेशसोबत त्या घाटीवर गेलो. ढिगात शेकडो गोटे, सगळे सारखे. दुर्गेश एकेक उचलून बघायचा, परत ठेवायचा. शेवटी मीच त्याला ओढत खाली आणलं.

हिमांशू ठणठणीत आहे. कामावर जातो, जेवतो, हसतोही. दुर्गेशनं सायकल सोडली. टिकटिक पुन्हा आली नाही.

परवा भाऊबीजेला खुशीनं दुर्गेशला ओवाळलं. ओवाळता ओवाळता, हिमांशू अंगणात आहे हे पाहून, अगदी हळू विचारलं,

"दादा, मी तुले म्हटलं होतं, जसे नेऊन राहिला तसेच आण... त्या दिवशी दार उघडाले पाहिजे होतं का?"

मी बाजूलाच बसलो होतो. दुर्गेशनं ताटात ओवाळणी टाकली आणि अंगणातल्या हिमांशूकडे पाहिलं.