शंभर दिवसांची आधाररेषा

ही गोष्ट २०४९ सालची. श्वासज्वराची साथ ओसरून सात वर्षं झाली होती, तरी मुलांच्या मनगटांवरची स्वास्थ्यकंकणं तशीच होती. पूर्वी तान्ह्या बाळांना काळ्या मण्यांच्या मनगट्या घालत, दृष्ट लागू नये म्हणून. आयांनी कंकणंही त्याच विश्वासानं बांधली होती. कंकण घामातला ताणरस, म्हणजे भीतीनं अंगात वाढणारा स्राव, मोजी. मोजमाप मुलाच्या नेहमीच्या पातळीपासून फार ढळलं, की लाल दिवा लागे.

सांगलीच्या एका बालस्वास्थ्य प्रयोगशाळेत डॉ. हेमलता बिवलकरांसमोर दहा वर्षांची शर्वरी सातपुते पाय हलवत बसली होती. महिन्यातला तिसरा लाल दिवा. नियमाप्रमाणे सहा आठवडे, मुलांना शांत करणाऱ्या शमनगृहात भरती. डॉक्टरांची सही तेवढी उरली होती.

“डॉक्टरबाई, घरी चांगली खिदळते हो,” तिचे वडील गजाननराव म्हणाले. ते एसटीच्या वर्कशॉपात कामाला होते. “शेजारची चिमी शमनगृहातून आली ती हूं का चूं करत नाही. हिला नका पाठवू.”

“दिवा लागला तेव्हा काय करत होतीस गं?”

“खो-खो जिंकलो. मग सगळ्या मैदानात आडव्या पडलो.”

“आणि त्याआधीच्या वेळी?”

“काहीच नाही. झोपाळ्यावर होते.”

हेमलताबाईंनी कंकणाचे रचनाकार इरफान तांबोळी यांना बोलावलं. आलेख बघून ते म्हणाले, “ताणरस वाढलेला नाही, बाई. घसरलाय. खूप खाली. तेही आपण बिघाडच धरतो.”

“कशाच्या खाली?”

“तिच्या आधाररेषेच्या. पहिले शंभर दिवस कंकण मुलाला ओळखायला शिकतं. नंतर रेषा हलत नाही. हलली असती, तर हळूहळू खंगणाऱ्या मुलाचं खंगणंच नेहमीचं ठरलं असतं. मीच ठरवलं ते.”

“ते शंभर दिवस कोणते, इरफान?”

इरफाननी वाटपाची तारीख उघडली. कंकणं साथीच्या पहिल्याच महिन्यात वाटली होती. दारं बंद, गल्लीत रुग्णवाहिका, आईच्या तोंडावर फडकं, मोठ्यांची कुजबुज. ती भीतीच कंकणं मुलांचं आरोग्य म्हणून शिकली होती.

“म्हणजे पोरगी बरी झाली म्हणून आजारी ठरली?” गजाननरावांनी विचारलं.

“हो.” हेमलताबाईंनी भरतीचा कागद फाडला.

“सुटलो म्हणायचं.”

“बसा जरा. इरफान, दिवा कधीच न लागलेली मुलं किती?”

“जिल्ह्यात चार हजार सव्वीस. त्यांना दरवर्षी ‘निरोगी बालक’ प्रशस्तिपत्र...” ती मुलं अजून त्याच रेषेवर होती.

गजाननराव मात्र खुलले. “आमच्या थोरल्या वैदेहीला सलग सात मिळालीत. लॅमिनेट करून लावलीत. तिचा काही म्हणजे काही त्रास नाही. दार लावून आत बसलेली असते. हिला म्हणतो, ताईकडून शीक जरा.”

हेमलताबाईंनी चपला पायात सरकवल्या. “तुमचं घर किती लांब आहे?”

त्या दिवसानंतर इरफाननी जिल्ह्यातली कंकणं स्वतः हिंडून कापली. पुढे ते मिरजेत तंतुवाद्यं दुरुस्त करू लागले. हेमलताबाई निवृत्तीनंतरही दिवा न लागलेल्या त्या मुलांची दारं ठोठावत राहिल्या. अडीच हजार झाली, मग गुडघ्यांनी दगा दिला. शर्वरी राज्याकडून खो-खो खेळली, आता जयसिंगपूरला पोरींना शिकवते. गजाननराव रोज संध्याकाळी वैदेहीशी पत्ते खेळू लागले. ती मुद्दाम हरायची, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. तीन वर्षांनी एकदा पानं खाली आपटून ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही लबाडी करताय.” गजाननराव स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.