चार बावन्नचा ब्रेक

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या, डोळ्यांदेखत घडलंय. आणि ताई म्हणजे आठशे व्होल्टच्या बॅटरीत हात घालणारी बाई. भुताखेतांचं नाव काढलं की हसायची.

आता नाही हसत.

रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. लख्ख दुपार. चार वाजून बावन्न मिनिटं. जागा ताईचं वर्कशॉप, जिथे ती आणि तिचा दीर मिळून इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करतात.

सोमवारी संध्याकाळी एक गाडी आली. बुटकी, रुंद, पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी. तीन सेकंदांत शंभरचा वेग पकडणारी जात.

मालक घाबरलेला होता.

"मॅडम, ही गाडी चार्जरला न लावताच चार्ज होते."

"म्हणजे?"

"गॅरेजमध्ये नुसती उभी असते. रोज जवळजवळ एक टक्का वाढतो. अशी भरत राहिली तर पेट घेईल ना एक दिवस?"

ताईला वाटलं, साहेब काहीतरी लपवताहेत. खोदून विचारल्यावर मालकाने सांगितलं, बॅटरी जुनी आहे. अपघातात चक्काचूर झालेल्या तशाच एका गाडीतली. स्वस्तात मिळाली.

ताईने लॅपटॉप जोडला. गाडीतल्या नोंदी उघडल्या.

रोज चार बावन्नला एकच नोंद.

वेग एकशे अठ्ठ्याहत्तर. मग कचकचून ब्रेक.

या गाड्यांत ब्रेक दाबला की मोटर उलट वीज तयार करते आणि ती बॅटरीत जाते. म्हणजे वाढणारा टक्का तिथून येत होता. हिशेब बरोबर होता. फक्त गाडी जागची हललेली नव्हती.

आणखी एक गोष्ट होती... ब्रेक पुरा व्हायचाच नाही. वेग कमी होत होत एकदम नोंद तुटायची. रविवारी एकशे बाराला तुटली होती. सोमवारी शहाण्णवला.

मंगळवारी गाडी वर्कशॉपमध्ये होती. ताई बाहेर कामाला गेली होती. येऊन बघते तर नोंद हजर. एक्क्याऐंशीला तुटलेली.

आता संशय कुणावर जाणार? दिरावर. वेगाचं वेड लहानपणापासून.

"भाऊजी, खरं सांगा. गाडी फिरवून आणलीत ना?"

"वहिनी, आईशप्पथ नाही! हातही लावला नाही."

"मग काय, गाडी आपली आपण हवा खायला गेली?"

दीर हातातला पाना आपटून निघून गेला. जेवायच्या वेळीही तोंड वर केलं नाही त्याने.

बुधवारी ताईने चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. टायरवर खडूने खुणा केल्या. खुणा तशाच राहिल्या.

नोंद... पासष्ट.

गुरुवारी गाडी लिफ्टवर चढवून चारही चाकं काढली. एकोणपन्नास.

शुक्रवारी तिला मालकाचा संशय आला. लांबून मोबाईलवरून चाळे करत असेल. तिने गाडीचं सिमकार्डच काढून टाकलं. चौतीस.

शनिवारी तिने बॅटरीचा मोठा प्लग उपसून खिशात घातला. तो काढला की बॅटरीचे दोन तुकडे झाल्यासारखेच. त्यातून वीज ना बाहेर जाऊ शकते ना आत येऊ शकते.

अठरा. आणि टक्का वाढलेला.

तेव्हा तिने आठवड्याचे आकडे एकाखाली एक लिहून काढले. नोंद रोज आणखी कमी वेगाला तुटत होती. रोज कुणीतरी आदल्या दिवसापेक्षा जरा आधी ब्रेक दाबत होतं...

तिने दिराला हाक मारली. "भाऊजी, चुकले मी. जरा इकडे या."

त्याने आकडे पाहिले. राग कुठल्या कुठे गेला. त्यानेच भंगारवाल्याला फोन लावला.

"हो, ती वळणावरची गाडी," भंगारवाला म्हणाला. "कठड्यावर आदळली. चालवणारा जागीच गेला. एकटाच होता म्हणे."

"म्हणे?"

"कागदावर तसंच आहे, साहेब. पण मागच्या सीटचा पट्टा कापलेला होता. कुणी कापला, कशाला कापला, मी नाही विचारलं. आपल्याला काय करायचंय?"

म्हणजे नोंद तुटायची तो कठड्यावर आदळण्याचा क्षण होता.

रविवारी वर्कशॉप बंद असतं. तरी दोघं आली. गाडी लिफ्टवर, छातीच्या उंचीला, बिनचाकांची. प्लग ताईच्या खिशात.

चार एक्कावन्न.

"वहिनी, जाऊ या का घरी?"

"गप्प बसा."

चार बावन्न...

टक्.

मग मोटरचा बारीक, शिट्टीसारखा आवाज. चढत गेला, चढत गेला... आणि एकदम उतरू लागला. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

ब्रेकचे दिवे लागले होते.

लॅपटॉपवर वेग घसरत होता. नव्वद. साठ. तीस. दिराने ताईचा दंड घट्ट धरला होता. दहा. चार.

शून्य.

पहिल्यांदाच पुरा शून्य.

आवाज थांबला. इतकी शांतता, की ताईला स्वतःचा श्वास ऐकू आला.

मग मागच्या डाव्या दारात दडलेलं हँडल आपोआप बाहेर आलं... आणि दार वीतभर उघडलं.

लॅपटॉपवर ओळ बदलली. मागची सीट : रिकामी.

म्हणजे आत्तापर्यंत ती भरलेली होती. आठवडाभर ताईने हे पाहिलंच नव्हतं.

कुणी दिसलं नाही. पाऊल वाजलं नाही. फक्त थोड्या वेळाने ग्राहकांच्या खोलीचं काचेचं दार सरकलं. समोर माणूस आला की आपोआप उघडणारं. ते उघडं राहिलं. बराच वेळ. कुणीतरी उंबऱ्यात थांबून मागे वळून बघावं, इतका.

मग बंद झालं.

दिराने ताईचा दंड सोडला. "सुटलं बिचारं, वहिनी."

ताईची नजर स्क्रीनवरच्या खालच्या ओळीवर होती.

चालकाची सीट : भरलेली.

त्यानंतर टक्का कधी वाढला नाही. मालक गाडी न्यायला आला तेव्हा ताईने सगळं सांगितलं. हात जोडून म्हणाली, "ही बॅटरी काढून टाका." तो हसला. "मॅडम, दुखणं बरं झालं ना? मग झालं तर." आणि बसून निघून गेला.

त्याच सीटवर.

ताई आजही विचारते, पट्टा कापून कुणाला सोडवायचं होतं? की कुणी पळून जात होतं... त्या चालवणाऱ्यापासून?

गाडी अजून रस्त्यावर आहे. रंग सांगायचा नाही, असं तिने मला बजावलंय. पण तसली बुटकी गाडी सिग्नलला शेजारी येऊन आवाज न करता थांबली, की मी तिकडे बघत नाही. हिरवा दिवा लागला तरी आधी तिला जाऊ देतो.