समुद्राकडे पाठ फिरवणारी पिल्लं

खर्र... खर्रर्र.

दुपारच्या वेळी घर अगदी चिडीचूप होतं. आबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते आणि जुई जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. त्या एवढ्याशा आवाजानेही ती दचकली.

पुन्हा खर्र. दाराजवळच्या वेताच्या टोपलीतून येत होता आवाज. टोपलीवर आबांचा पंचा झाकला होता. काल तर तिच्यात कांदे होते, आणि कांदे काही खरखरत नाहीत.

"सुरवंटा, तू आहेस का रे?" तिने हळूच विचारलं.

"मी चार्ज होतोय," कपाटाखालून उत्तर आलं. "आणि मी खरखरत नाही. मी सरपटतो."

सुरवंट हा आईच्या संशोधन केंद्रातला यंत्रमानव. मानव कसला, मनगटाएवढं जाड, मऊ, लांबलचक अंग आणि पुढे एक डोळा. प्राण्यांच्या बिळात शिरायचं आणि आतलं सगळं आईला पडद्यावर दाखवायचं, हे त्याचं काम.

"बघ गो उघडून," आबा डोळे न उघडताच म्हणाले. "पण सांभाळून. पाहुणे आहेत आत."

जुईने पंचा उचलला. आत कासवाची पिल्लं! पिवळसर नारिंगी, तिच्या तळहातावर मावतील एवढी. एकूण सहा, आणि सहाही जणांना टोपलीच्या भिंतीवर चढायचं होतं.

आबा म्हणजे आईचे बाबा. रत्नागिरीकडच्या एका लहानशा गावातून दोनच दिवसांपूर्वी फ्लॉरिडाला, लेकीकडे आले होते. गावच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालून जातात. कोल्हे-कुत्र्यांनी ती उकरू नयेत म्हणून आबांनी अर्धं आयुष्य वाळूवर पहारा दिला होता. पिल्लं बाहेर आली की टोपलीत गोळा करायची आणि ऊन उतरलं की समुद्राकडे सोडायची, हा त्यांचा नेम.

"सकाळी मागच्या टेकाडावर फिरत होतो," आबा म्हणाले. "वाळूतून डोकी वर काढली होती ह्यांनी, आणि कावळे टपलेले. म्हटलं, अमेरिकेतले झाले म्हणून काय, कावळे ते कावळेच. भरली टोपलीत."

"आईला सांगायचं?"

"ती येईपर्यंत थांबलो तर उशीर होईल. चल, आपणच सोडू. तुझ्या आईला मी हे ती तुझ्याएवढी असताना शिकवलंय."

घर उंच खांबांवर होतं. समुद्राची पातळी वाढल्यापासून इथली सगळी नवी घरं तशीच बांधत. ऊन उतरल्यावर जिना उतरून दोघं किनाऱ्यावर आली. सुरवंट जुईच्या पिशवीतून डोकं काढून बघत होता. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. "इथलाही समुद्र पश्चिमेलाच," आबा खुशीत म्हणाले. "गावातच आल्यासारखं वाटतंय."

त्यांनी काठीने वाळूत एक लांब रेघ ओढली.

"आता नियम ऐक. रेघेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि पिल्लाला उचलून पाण्यात टाकायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही. त्याचं ते चालत जातं. ती चाल त्याच्या कामाची असते."

"पण त्याला समुद्र कुठे आहे ते कसं कळतं?"

"उजेडावरून. समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं ना, तिकडे ती धावतात. बघच आता."

आबांनी टोपली अलगद आडवी केली. पिल्लं बाहेर आली आणि क्षणभर थबकली. मग सहाही जणांनी समुद्राकडे पाठ फिरवली आणि ती टेकाडाच्या दिशेने, झुडपांकडे चालू लागली.

आबांचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, इकडे! इकडे!" त्यांनी पंचा हलवला. एका पिल्लासमोर काठी आडवी धरली. पिल्लू काठीला वळसा घालून पुन्हा टेकाडाकडे.

"आबा, ह्यांना उजेड दिसत नाही का?"

"हजारो पिल्लं सोडली मी, पण असं कधी..." आबांचा आवाज चिरकला. "वाट चुकलीत बिचारी. अंधार पडला तर खातील कोणीतरी. आज नियम राहू दे बाजूला." त्यांनी दोन पिल्लं उचलली आणि ते पाण्याकडे निघाले.

जुई त्यांच्या मागे दोन पावलं गेली आणि रेघेशी थांबली. आबांना अडवायचं कसं? ते तर सगळ्यांत जास्त जाणणारे! पण त्यांच्या बोटांतून लोंबणारे ते इवले पाय तिला दिसले. गावाकडच्या फोटोतल्या पिल्लांचे पाय चपटे होते, होडीच्या वल्ह्यासारखे. हे तर आखूड, जाडजूड होते आणि पुढच्या पायांना रुंद नखं होती. जणू फावडीच.

"आबा, थांबा!" ती रेघ ओलांडून धावली. "काय वाट्टेल ते झालं तरी नाही, असं तुम्हीच म्हणालात! आणि ह्यांच्याकडे वल्ही कुठायत? ह्यांच्याकडे फावडी आहेत!"

आबा घोटाभर पाण्यात उभे राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पिल्लू डोळ्यांजवळ नेलं. "पाय आखूड वाटले खरे," ते पुटपुटले. "पण म्हटलं, इथली जात वेगळी असेल."

"जात वेगळी आहे," सुरवंट पिशवीतून म्हणाला. "हे गोफर कासव आहे. जमिनीवरचं. ह्याला पोहता येत नाही. केतकीताईंना कळवलंय. त्या धावत येत आहेत आणि मला रागावणार आहेत."

आई खरंच धापा टाकत आली. आधी तिने पिल्लं मोजली, आबांच्या हातातली दोन आणि टेकाडाकडे चाललेली चार. सहाही होती. मग ती मटकन वाळूत बसली.

"केतकी, मी बुडवली असती गो त्यांना," आबा म्हणाले.

"पण बुडवली नाहीत ना, बाबा? तुम्ही त्यांना आधी चालू दिलंत. म्हणून तर त्यांना सांगता आलं कुठे जायचंय ते. आता एवढंच आठवा, उचलली कुठून?"

"त्यात काय आठवायचं? जिथून पिल्लू उचललं तिथे काठी रोवायची. रोवलीय. वर तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलीय."

आईला हसू आलं. पिल्लं पुन्हा टोपलीत बसली आणि वरात टेकाडावर निघाली.

चिंधी फडफडत होती ती एका मोठ्या बिळाच्या तोंडाशी. बिळाची कमान अर्ध्या चंद्रासारखी होती, खाली सपाट आणि वर गोल. समोर वाळूचा पसरट ढीग.

"ही वाळू आतल्या कासविणीने उकरून बाहेर टाकलेली," आई म्हणाली. "हे तिचं अंगण. ऊन मिळतं म्हणून अंडीही बहुतेक इथेच घालते. मग मात्र पिल्लांनी आपलं आपण बघायचं."

तिने पिल्लं अंगणात सोडली. एक लगेच फावडी चालवू लागलं. तीन गवतात शिरली आणि उरलेली दोन बिळाच्या कमानीत दिसेनाशी झाली.

"सुरवंटा, जा आत. हळू."

सुरवंट सरपटत गेला. आईच्या मनगटावरचा पडदा उजळला.

"बाहेरची वाळू दुपारी पायाला चटके देते," आई सांगू लागली. "आत बघ आकडा. पंचवीस अंश. हवाही दमट. ह्याला म्हणतात सूक्ष्महवामान (एवढ्याशा जागेपुरतं वेगळं हवामान). उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार."

"आई, बेडूक!"

खरंच, भिंतीला चिकटून एक ठिपकेदार बेडूक बसला होता. पुढे रातकिडे होते आणि एक उंदीर मिशा हलवत होता. आणखी आत चकचकीत काळा साप वेटोळं घालून पडला होता.

"अरे बापरे! उंदीर आणि साप एकाच घरात?"

"हा साप विषारी नाही. पण भूक त्यालाही लागते. इथे निवारा मिळतो, हमी नाही," आई म्हणाली. "ह्या कासवांच्या बिळांत साडेतीनशेहून जास्त जातींचे जीव आसरा घेतात. इथल्या झुडपांना अधूनमधून आग लागते. ती लागायलाही हवी, नाहीतर झुडपं दाट होतात आणि कासवं खातात त्या गवताला ऊन मिळत नाही. अशा वेळी ज्यांना पळता येत नाही ते सगळे इथे शिरतात. वरून आग निघून जाते."

"म्हणजे धर्मशाळाच की," आबा म्हणाले.

"हो, आणि बांधणारी एकटी कासवीण. बाकीच्यांना एवढं खोल खणता येत नाही. ती गेली तर बीळ ढासळतं, आणि एका कासवाबरोबर कितीतरी जण बेघर होतात. अशा जातीला कळीची प्रजाती म्हणतात (जिच्या आधारावर इतर अनेकांचं जगणं टेकलेलं असतं ती). कमानीतला मधला दगड काढला की सगळी कमान खाली येते ना, तसं."

"पण ती जाईल कशाला?"

आईने वर, घरांच्या रांगेकडे पाहिलं. "तिला उंच, कोरडी वाळू आवडते. घरं बांधायला माणसांनाही तीच आवडते. पूर्वी बिळं आतल्या कासवासकट बुजवून टाकायचे. आता आधी शोधतात, कासवांना सुरक्षित जागी नेतात. आणि आपल्या घरासारखी घरं खांबांवर बांधली, तर खालची जमीन त्यांच्याकडेच राहते."

"ही पिल्लं मोठी कधी होतील?"

"अंडी घालण्याएवढी व्हायला दहा-पंधरा वर्षं तरी लागतील. तोवर तू माझ्याएवढी होशील. जगली तर साठ वर्षंसुद्धा जगतील."

"म्हणजे मी आबांएवढी झाल्यावरही!" जुईने चिंधीची गाठ पक्की केली.

तेवढ्यात पडद्यावर बिळाचं टोक आलं. तिथे एक करडी, ओबडधोबड पाठ होती. अंगण उकरणारी, घर खणणारी म्हातारी कासवीण गाढ झोपलेली. तिच्या पाठीमागे बेडूक, उंदीर, रातकिडे, साप आणि आता ती दोन इवली पिल्लं.

जुईने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"आई, हिला माहीत असेल का गं, की हिच्या घरात इतके जण राहतात?"